विजेच्या गिटारचा कान : पिकअप कसा निवडावा?

विजेची गिटार तुम्ही प्रत्यक्ष नाही तरी पडद्यावर नक्की पाहिली असेल. साध्या गिटारला असते तशी पोकळ पेटी तिला बहुधा नसते. भरीव लाकडाच्या फळीवर सहा तारा ताणलेल्या, एवढेच तिचे स्वरूप. विवर्धक म्हणजे ॲम्प्लिफायर बंद ठेवून तारा छेडल्या, तर शेजारच्या खोलीतही आवाज पोहोचत नाही. तोच विवर्धक सुरू केला की सभागृह दणाणून जाते. तारेची हालचाल विजेत कोण बदलते? तारांच्या खाली बसविलेला, दोन बोटांएवढा रुंद एक ठोकळा. त्याला पिकअप म्हणतात. तो या गिटारचा कान होय.

हल्ली पुष्कळ तरुण कारागिराकडून आपल्या पसंतीची गिटार बनवून घेतात. लाकूड ठरते, आकार ठरतो, रंग ठरतो आणि मग कारागीर विचारतो, ''पिकअप कोणता घालू?'' वाजवायचे असते हेवी मेटल. यादीत शेकडो नावे असतात आणि प्रत्येक नावापुढे किलोओहमचा एक आकडा असतो. मोठा आकडा म्हणजे जोरदार पिकअप, असे समजून मुले साठवलेले पैसे खर्च करतात आणि गिटार घरी आल्यावर आवाज गढूळ येतो म्हणून हिरमुसतात. हा प्रश्न शाळेतल्या भौतिकशास्त्राने सोडविता येतो का, ते आपण पाहू या.

तार, चुंबक आणि वेटोळे

मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली दाखवून दिले की वेटोळ्यातून जाणाऱ्या चुंबकीय बलरेषांची संख्या बदलली की वेटोळ्यात विद्युत् दाब निर्माण होतो. बदल जितका जलद आणि वेढे जितके जास्त, तितका दाब जास्त. पिकअपमध्ये हेच घडते. त्यात एक चुंबक असतो आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे असते. वरची गिटारची तार पोलादी असल्यामुळे चुंबकाच्या सान्निध्यात ती स्वतःच एक लहानसा चुंबक बनते. ती कंप पावू लागली की वेटोळ्यातल्या बलरेषा कमीजास्त होतात. सर्वांत जाड तार सेकंदाला ८२.४ वेळा कंप पावते, म्हणून वेटोळ्यातही मुख्यतः ८२.४ हर्ट्झचा प्रत्यावर्ती दाब तयार होतो.

येथे एक गोष्ट लक्षात घ्या. पिकअप हवेतला आवाज ऐकत नाही, तो चुंबकीय धातूची हालचाल ओळखतो. म्हणून नायलॉनच्या तारांची गिटार याला ऐकू येत नाही. आपल्या मिरजेच्या सतारीखाली असा पिकअप धरला, तर पोलादी तारा त्याला ऐकू येतील. पण पितळी किंवा ब्राँझच्या तारांबाबत तो बहिरा राहील.

अमेरिकेतील जॉर्ज बोशॅम्प आणि अॅडॉल्फ रिकेनबॅकर यांनी या तत्त्वावरची गिटार १९३२ च्या सुमारास बाजारात आणली. गोल पसरट अंगामुळे तिला लोक 'तळणीचा तवा' म्हणत. १९५४ साली फेंडर कंपनीची 'स्ट्रॅटोकास्टर' आली. तिच्या एका पिकअपमध्ये सुमारे ८,००० वेढे असत. तारेचा व्यास ०.०६३ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ आपल्या केसाएवढा. अशा एक मीटर तारेचा रोध सुमारे ५.३ ओहम असतो आणि पूर्ण वेटोळ्याचा सुमारे ६,००० ओहम. भागाकार करून पाहा. बोटाएवढ्या रुंदीच्या त्या वेटोळ्यात एक किलोमीटरहून अधिक लांबीची तार गुंडाळलेली असते!

न बोलावलेला पाहुणा

पण हे वेटोळे फक्त गिटारच्या तारेचेच ऐकते असे नाही. घरातले ट्रान्सफॉर्मर, दिव्यांच्या पट्ट्या, भिंतीतल्या विजेच्या तारा या सर्वांभोवती बदलते चुंबकीय क्षेत्र असते. आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे. तेवढ्याच वारंवारतेचा, आणि तिच्या दुप्पट-तिप्पट वारंवारतांचाही, दाब वेटोळ्यात निर्माण होतो आणि ध्वनिक्षेपकातून 'घूंऽऽ' अशी सतत घरघर ऐकू येते. इंग्रजीत तिला 'हम' म्हणतात.

तिच्यावर गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनी सुरेख तोड काढली. १९५५ साली त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला, १९५७ पासून हे पिकअप गिटारमध्ये बसू लागले आणि १९५९ साली पेटंट मिळाले. या पिकअपला हमबकर म्हणतात. त्यात एकाऐवजी दोन वेटोळी शेजारी शेजारी असतात. पहिल्या वेटोळ्यात चुंबकाचा उत्तर ध्रुव वर, तर दुसऱ्यात दक्षिण ध्रुव वर. शिवाय दुसरे वेटोळे उलट्या दिशेने जोडलेले असते.

आता हिशेब करू. तारेमुळे येणाऱ्या दाबाला 'ता' म्हणू आणि घरघरीला 'घ'.

पहिले वेटोळे देते : ता + घ.
दुसऱ्यात चुंबक उलटा, म्हणून तारेचा दाब उलटा. घरघर बाहेरून येते. तिला आतल्या चुंबकाशी कर्तव्य नाही. म्हणून : − ता + घ.
दुसरे वेटोळे उलटे जोडले, म्हणून सर्वच चिन्हे बदलली : ता − घ.
दोन्हींची बेरीज : २ ता.

घरघर गेली आणि सूर दुप्पट झाला! दोनदा उलटे केले ते सुलट झाले, एकदाच उलटे झाले ते कटले. प्रत्यक्षात दोन वेटोळी एकाच जागी नसतात आणि तंतोतंत सारखीही नसतात, म्हणून थोडी घरघर उरते. पण फरक मोठा असतो.

मेटलला याची गरज का?

हेवी मेटलचा आवाज विरूपणातून तयार होतो. विवर्धकाला पेलणार नाही इतका दाब त्याच्यात घातला की तरंगांचे शेंडे छाटले जातात. गोलाई गेलेल्या अशा तरंगात मूळ वारंवारतेच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा नव्या वारंवारता भरतात. त्यामुळे आवाज करकरीत आणि दाट होतो.

दोन सूर एकत्र छेडले तर आणखी एक गंमत होते. त्यांच्या वारंवारतांच्या बेरजा व वजाबाक्याही तयार होतात. षड्ज आणि पंचम यांचे प्रमाण २ : ३ असते. ८२.४ आणि १२३.५ हर्ट्झ एकत्र वाजवले की वजाबाकी सुमारे ४१ हर्ट्झ येते. हा षड्जाच्या बरोबर एक सप्तक खालचा सूर! म्हणूनच मेटलचे वादक षड्ज-पंचमाची जोडी फार वापरतात. ती विरूपणातही सुरेल राहते आणि वजनदार होते.

आता घरघरीकडे वळू. समजा, तार छेडल्यावर पिकअप २०० मिलिव्होल्ट देतो आणि घरघर २ मिलिव्होल्ट आहे. सूर घरघरीच्या शंभरपट आहे, म्हणून ती खटकत नाही. आता ५० पट विवर्धन केले आणि १ व्होल्टच्या वर शेंडे छाटले. सूर १० व्होल्ट व्हायला हवा होता, तो १ व्होल्टवर अडला. घरघर मात्र ०.१ व्होल्ट झाली. तिला कोणी छाटले नाही. शंभरपटींचे अंतर दहापटींवर आले! मेटलमध्ये सुरांच्या मध्ये अचानक शांतता ठेवण्याची पद्धत असते. त्या शांततेत ही घरघर उघडी पडते. मेटलच्या गिटारीत हमबकर का बसवितात, त्याचे हे मूळ कारण आहे.

याचा अर्थ हमबकरशिवाय मेटल अशक्य असा नाही. इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या 'ब्लॅक सॅबथ' या वाद्यवृंदाची पहिली ध्वनिमुद्रिका १९७० च्या फेब्रुवारीत निघाली. तेथूनच हेवी मेटलचा आरंभ मानतात. तिच्यात टोनी आयोमी यांनी बहुतेक ठिकाणी एकेरी वेटोळ्याचे पिकअप असलेली गिटार वाजविली होती.

या आयोमींची हकिगत समजून घेण्याजोगी आहे. वयाच्या सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात काम करताना त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. ते डावखुरे, म्हणजे तारा दाबण्याचा हात नेमका तोच. त्यांनी प्लॅस्टिक वितळवून बोटांसाठी टोपणे बनविली, वर कातडे लावले, हलक्या तारा घातल्या आणि पुढे १९७१ च्या ध्वनिमुद्रिकेत काही गाण्यांसाठी तारा तीन अर्धस्वर खाली उतरवून लावल्या. तीन अर्धस्वर उतरले की वारंवारता ०.८४ पट होते. वारंवारता ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते, म्हणून ताण ०.८४ × ०.८४, म्हणजे सुमारे ०.७१ पट. तारेचा ताण जवळजवळ तीस टक्क्यांनी उतरला आणि दुखऱ्या बोटांना ती दाबणे सोपे झाले. खालच्या पट्टीतला तो गंभीर आवाज पुढे मेटलची ओळखच बनला.

वेढे वाढवावे तेवढे चांगले?

वेढे वाढविले की दाब वाढतो, मग वीस हजार वेढे का घालू नयेत? कारण वेटोळ्याला आणखी एक गुण असतो, तो म्हणजे प्रवर्तकता. ती हेन्री या एककात मोजतात. वेटोळ्याचा आकार आणि गाभा तोच ठेवला, तर ती वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दुसरीकडे, गिटारपासून विवर्धकापर्यंत जाणाऱ्या केबलला धारकता असते. दर मीटरला साधारण १०० पिकोफॅरड. प्रवर्तकता आणि धारकता एकत्र आल्या की झोक्यासारखे अनुस्पंदन होते. एका ठरावीक वारंवारतेला प्रतिसाद उंच होतो आणि तिच्या पलीकडचे सूर झपाट्याने क्षीण होतात. ती वारंवारता अशी काढतात :

वारंवारता = १ ÷ [२ × ३.१४ × √(प्रवर्तकता × धारकता)]

केबल आणि वेटोळ्याची मिळून धारकता ६०० पिकोफॅरड धरू आणि तीन पिकअप तपासू.

एकेरी वेटोळे, २.५ हेन्री : सुमारे ४,१०० हर्ट्झ.
मध्यम हमबकर, ४.५ हेन्री : सुमारे ३,१०० हर्ट्झ.
भरपूर वेढ्यांचा हमबकर, ८ हेन्री : सुमारे २,३०० हर्ट्झ.

गिटारचे ध्वनिक्षेपक साधारण ५,००० हर्ट्झपर्यंतचेच सूर नीट देतात. त्या मर्यादेत शिखर कोठे आहे यावर आवाजाचा स्वभाव ठरतो. ४,१०० हर्ट्झला तो झणझणीत, काचेसारखा लागतो. २,३०० ला तो जाड आणि भरदार होतो, पण वरचे बारकावे जातात. वेढे दुप्पट केले तर दाब दुप्पट होतो, पण शिखर निम्म्यावर उतरते. एकाची किंमत दुसऱ्यात मोजावी लागते.

आता किलोओहमच्या आकड्याचे काय? तो आहे केवळ तांब्याच्या तारेचा रोध. वेढे तेवढेच ठेवून अधिक बारीक तार वापरली तरी रोध वाढतो, पण दाब काही वाढत नाही. शिवाय चुंबकाविषयी तर तो आकडा चकार शब्द काढत नाही. एकाच तारेच्या, एकाच घडणीच्या दोन पिकअपांची तुलना करायला तो उपयोगी; एरवी त्यावर भिस्त ठेवू नये. हेन्रीचा आकडा मिळाला तर तो विचारावा. तो पुष्कळ अधिक सांगतो.

कोठे बसवावा?

पिकअप तोच, जागा बदलली तरी आवाज बदलतो. तार एकाच वेळी अनेक प्रकारे कंप पावते : सबंध, दोन भागांत, तीन भागांत, याप्रमाणे. ज्या ठिकाणी एखाद्या कंपनाचा निस्पंद बिंदू येतो तेथे ते कंपन पिकअपला जाणवतच नाही.

६४८ मिलिमीटर लांबीची मोकळी तार घ्या. एक पिकअप घोडीपासून पाव अंतरावर, म्हणजे १६२ मिलिमीटरवर आहे. दुसरा घोडीजवळ, सोळाव्या भागावर, म्हणजे सुमारे ४० मिलिमीटरवर. मूळ कंपनाचा विस्तार पहिल्या जागी ०.७१ आणि दुसऱ्या जागी ०.२० भरतो. आठव्या कंपनाचे मात्र उलट : पहिल्या जागी शून्य आणि दुसऱ्या जागी पूर्ण एक. (त्रिकोणमिती शिकलेल्यांनी ४५ अंश आणि ११.२५ अंश यांच्या ज्या काढून पाहाव्यात.)

म्हणजे घोडीजवळच्या पिकअपला मूळ सूर साडेतीनपट कमी जाणवतो. तोटा वाटतो ना? मेटलसाठी तोच फायदा आहे. खालचा सूर फार मोठा असला की विवर्धकात त्याचेच शेंडे छाटले जातात आणि त्या सपाटीत वरचे बारकावे बुडून जातात. आवाज गढूळ होतो तो असा. जलद, तळहाताने तारा अर्धवट दाबून वाजवायचे ठोके घोडीजवळच्या पिकअपवर नेटके, सुटे ऐकू येतात. मानेकडचा पिकअप संथ, गोल सुरांसाठी वापरतात.

चुंबक आणि बॅटरी

चुंबक मुख्यतः दोन प्रकारचे. अल्निको हा अॅल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट व लोह यांचा मिश्रधातू. दुसरा सिरॅमिक, म्हणजे फेराइटचा. तो स्वस्त आणि वीज न वाहणारा. १९७२ साली न्यूयॉर्कच्या लॅरी डिमार्झिओ यांनी गिटारचा मूळ पिकअप काढून त्या जागी बसविण्यासाठी 'सुपर डिस्टॉर्शन' हा पिकअप काढला. त्यात सिरॅमिक चुंबक आणि भरपूर वेढे होते. तेव्हापासून जोरदार पिकअपांत सिरॅमिक रूढ झाला. पण चुंबकाचे ओढणे अति झाले किंवा पिकअप तारेच्या फार जवळ आणला, तर तार मोकळेपणी कंप पावत नाही आणि सूर डळमळतो. म्हणून पिकअपची उंची स्क्रूने मिलिमीटर-अर्ध्या मिलिमीटरने बदलत, कानाने ठरवावी. याला पैसे पडत नाहीत!

तिसरी वाट सक्रिय पिकअपची. कॅलिफोर्नियात १९७६ साली रॉब टर्नर यांनी सुरू केलेली ईएमजी कंपनी यासाठी प्रसिद्ध आहे. यात वेढे कमी ठेवून पिकअपच्या आतच एक चिमुकला विवर्धक बसवितात. तो ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. वेढे कमी, म्हणून शिखर उंच राहते, विवर्धक जागेवरच, म्हणून केबलची धारकता वेटोळ्याला भिडत नाही, घरघरही कमी. मेटल वाजविणाऱ्यांत हे पिकअप फार लोकप्रिय आहेत. मात्र बॅटरी संपली की गिटार मुकी होते, हे विसरू नये.

तर मग कारागिराला काय सांगाल?

पहिले, घोडीजवळ हमबकर हवाच. पैसे मोजके असतील तर सर्व पैसे या एका पिकअपवर घाला. दुसरे, तारा कोणत्या पट्टीत लावणार ते आधी ठरवा. तारा नेहमीच्या पट्टीत लावून भरदार आवाज हवा असेल, तर जास्त वेढ्यांचा चालेल. फार खाली उतरवणार असाल किंवा सात तारांची गिटार असेल, तर तेथे खालचा सूर ६२ हर्ट्झच्या आसपास जातो. अशा वेळी मध्यम वेढ्यांचा, शिखर उंच असणारा किंवा सक्रिय पिकअप घ्या. जोर विवर्धकाकडून मिळतो. गेलेला स्पष्टपणा मात्र कोणत्याही बटणाने परत येत नाही. तिसरे, हमबकरला आवाजाचे बटण ५०० किलोओहमचे असू द्या. २५० चे बसविले तर शिखर दबते. सक्रिय पिकअपला मात्र साधारण २५ किलोओहमचे लागते. चौथे, गिटार हाती आल्यावर नवा पिकअप घेण्यापूर्वी उंची बदलून पाहा आणि केबल आखूड करून पाहा.

स्वतः करून पाहा

दुरुस्तीच्या दुकानातून जुन्या स्टॅबिलायझरचे सारखे दोन रिले मागून आणा. (स्वतः विजेचे उपकरण उघडू नका.) त्यांची आवरणे व हलती पट्टी दुकानदाराकडून काढून घ्या. प्रत्येकाच्या लोखंडी गाभ्याच्या मागल्या टोकाला लहान गोल चुंबक चिकटवा. लाकडी फळीवर दोन स्क्रूंमध्ये गिटारची पोलादी तार ताणा, दोन पेन्सिली घोडी म्हणून सरकवा. एक रिले तारेखाली दोन-तीन मिलिमीटरवर ठेवा आणि त्याचे वेटोळे बॅटरीवर चालणाऱ्या स्पीकरच्या माइकच्या खाचेला जोडा. तार छेडा. झाला तुमचा पिकअप!

आता जुन्या पद्धतीचा जड ॲडॉप्टर भिंतीत लावून हातभर अंतरावर ठेवा. घरघर ऐका. दुसरा रिले पहिल्याशेजारी ठेवून एकसरीत जोडा. जोडणीच्या दोन रीती आहेत. ज्या रीतीत घरघर कमी होते ती कायम ठेवा. तार छेडून पाहा. सूरही दबला असेल तर एका रिलेचा चुंबक उलटा करा. सूर वर येईल आणि घरघर दबलेलीच राहील. सेथ लव्हर यांची युक्ती तुमच्या फळीवर उतरली!

विचार करा

१. दोन वेटोळी उलटसुलट जोडली, पण दोन्ही चुंबकांचे उत्तर ध्रुवच वर ठेवले. काय ऐकू येईल?
२. ८,००० ऐवजी ६,००० वेढे घातले. तार, आकार व केबल तीच. दाब आणि शिखराची वारंवारता किती पट होईल?
३. पिकअप मोकळ्या तारेच्या पाचव्या भागावर बसविला. कोणती कंपने त्याला जाणवणार नाहीत?

उत्तरे : १. घरघर कटेल आणि सूरही जवळजवळ कटेल. २. दाब पाऊणपट, प्रवर्तकता ९/१६ पट, म्हणून शिखर ४/३ पट. ३. पाचवे, दहावे, पंधरावे, याप्रमाणे पाचाच्या पटीतली.